खाडीच्या क्लिप्स आणि त्याचे शब्द

माझा नवरा विक्रोळीच्या एका मोठ्या कंपनीत कॅमेरामन होता. कारखान्यात कॅमेरामनचं काय काम, असं बरेच जण विचारायचे. कंपनीचा स्वतःचा लहानसा फिल्म विभाग होता आणि कामगारांना दाखवायच्या फिल्म तिथे तयार व्हायच्या. हेल्मेट कसं घालायचं, जड पेटी उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात कसं वाकायचं, आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं. नोकरीभर त्याने हेच शूट केलं आणि त्याचा त्याला कधी कमीपणा वाटला नाही. "माझ्यामुळे किती जणांची कंबर शाबूत राहिली असेल, विचार कर," असं मला सांगायचा.

जीव मात्र त्याचा खाडीवर होता. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, नाहूरच्या अंगाला. हायवे ओलांडला की मिठागरं, त्यांच्या पलीकडे तिवरं आणि मग खाडी. सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत तो स्वतःचा कॅमेरा आणि स्टँड घेऊन निघायचा आणि उन्हं तापली की परत यायचा. चिखलाने माखलेले बूट दाराबाहेर काढायचा आणि बूट काढता काढताच बोलायला सुरुवात व्हायची. कुठला पक्षी कुठे बसला होता, मिठाच्या राशीवर ऊन कसं पडलं होतं, कुठल्या कोळ्याने त्याला चहा पाजला. मी पोहे ढवळत "हं, हं" करायची. लग्नाआधी तो पहिल्यांदा आमच्या पार्ल्याच्या घरी आला होता, तेव्हा तो गेल्यावर आई म्हणाली होती, "मुलगा चांगला आहे गं, पण बोलतो फार." त्याचं घर मूळचं वेंगुर्ल्याकडचं, वडील गिरणीत. घरात मालवणी, बाहेर मराठी, ऑफिसात हिंदी. तिन्हीत तो सारखाच बोलायचा. काहीही समजावून सांगायचं असलं की सुरुवात ठरलेली: "म्हणजे कसं आहे माहितीये का..."

निवृत्त झाल्यावर त्याने मुलीच्या खोलीत नवा कॉम्प्युटर बसवला. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली होती, खोली रिकामीच होती. व्हिडिओच्या क्लिप्सची नोंद ठेवायचं एक सॉफ्टवेअर त्याने विकत घेतलं आणि एका दुपारी मला हाताला धरून समोर बसवलं. मी कोथिंबीर निवडत होते, ती परात मांडीवर घेऊनच बसले.

"म्हणजे कसं आहे माहितीये का, ही क्लिप बघ. हिला आत्ता नुसता नंबर आहे. उद्या मला ओहोटीला उतरलेला शेकाट्या हवा असेल तर काय हजारो क्लिप्स उघडत बसू? म्हणून इथे उजवीकडे ही चौकट आहे. इथे कीवर्ड टाकायचे. शेकाट्या. ओहोटी. सकाळ. मिठागर. मग यातला कुठलाही शब्द शोधला की ही क्लिप समोर हजर."

"शेकाट्या म्हणजे कुठला?"

"लांब लाल पायांचा गं. दहादा दाखवलाय तुला."

वीसेक वर्षांच्या क्लिप्स होत्या. कॅसेटवरच्या, मग कार्डांवरच्या, सगळ्या त्याने हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या. रोज सकाळी नाश्ता झाला की तो त्या खोलीत जाऊन बसायचा आणि एकेका क्लिपला शब्द द्यायचा. पहिल्या काही वर्षांच्या क्लिप्स अशा पूर्ण झाल्या. त्यांच्या चौकटीत नुसते पक्षी नाहीत, उजेड कुठून येतो, वारा आहे की नाही, कॅमेरा कुठून कुठे वळतो, सगळं आहे. बाकीच्या तशाच राहिल्या.

एका सकाळी मी ओट्याशी होते. तो खांद्यावर टॉवेल टाकून दारात आला आणि म्हणाला, "अगं, तो शनिवार संपलाय."

मला वाटलं मस्करी करतोय. "मग रविवार काढ," मी म्हटलं.

तो हसला नाही. "नाही. शनिवार. तो... शनिवार." हाताने काहीतरी दाखवायला गेला आणि हात अर्ध्यातच खाली पडला. त्याला साबण हवा होता, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. त्या वेळी फक्त त्याचा चेहरा दिसला. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता आणि डोळ्यांत कधी न पाहिलेली भीती होती. शेजाऱ्यांनी गाडी काढली.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा थांबला होता. पाय काही आठवड्यांत सुधारला, उजवा हात मात्र लुळाच राहिला. डॉक्टर म्हणाले, याला वाचाघात म्हणतात. "त्यांना तुमचं बोलणं कळतंय. शब्दही डोक्यात आहेत. तिथपर्यंत जायचा रस्ता तुटलाय, असं समजा."

घरी आल्यावर त्याच्यापाशी "हो", "नाही", "बरं" एवढंच उरलं होतं. आणि एक वाक्य मात्र जसंच्या तसं होतं, अगदी पूर्वीच्या लयीत: "म्हणजे कसं आहे माहितीये का." ते ऐकलं की मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे वळायची. पुढे काहीच यायचं नाही. तोंड उघडं, हात हवेत, आणि मग तो हात हळूच मांडीवर. पहिल्या महिन्यात हे रोज घडायचं. मला हे माहीत असूनही मी प्रत्येक वेळी वळायची.

भेटायला येणारे त्याच्याशी मोठ्याने बोलत, जणू त्याला ऐकू येत नाही. कुणी त्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकत. लवकरच कुणी आलं की तो आतल्या खोलीत जाऊन पडायला लागला. घरात पंख्याचा आवाज ऐकू येतो, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. मला त्याच्या मोठ्या गोष्टी आठवत नव्हत्या. खालच्या मजल्यावरचा गृहस्थ गाडी कशी वेडीवाकडी लावतो, यावरचं त्याचं रोजचं भाष्य आठवत होतं. मी बँकेतल्या नोकरीवरून दमून यायची आणि "जरा गप्प बस ना रे," म्हणायची, तेव्हाचं त्याचं बोलणं मला हवं होतं.

घाटकोपरला एका औषधाच्या दुकानाच्या वर एक स्पीच थेरपिस्ट बाई बसायच्या. आठवड्यातून दोनदा रिक्षाने जायचो. त्या त्याच्यासमोर चित्रांचे पत्ते ठेवायच्या. सफरचंद, छत्री, चेंडू. तो दोन-तीन पत्ते बघायचा आणि मग सफरचंदाचा पत्ता उलटा करून ठेवायचा. एके दिवशी त्याने सगळेच पत्ते उलटे केले. बाई रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "यांना आवडतं काय?"

मी क्लिप्सबद्दल सांगितलं. सॉफ्टवेअरबद्दल, अर्धवट राहिलेल्या कीवर्डबद्दल. बाईंनी वहीतून मान वर केली. "म्हणजे एकेक शब्दच लागतो? वाक्य नको?"

"वाक्य नको. नुसते शब्द."

"मग माझे पत्ते कशाला? तेच करा रोज घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला. तो माझ्या डावीकडे बसला. खूप दिवसांनी त्या खुर्चीत बसताना त्याने शर्टाची कॉलर नीट केली. मी पहिली क्लिप उघडली. उथळ पाणी आणि त्यात लांब लाल पायांचा पक्षी. मला नाव ठाऊक होतं आता.

"काय हे?" मी विचारलं.

तो बघत राहिला. ओठ हलले. "शनिवार."

"नाही रे. शे... शे..."

"शनिवार."

"शेकाट्या. म्हण. शेकाट्या."

त्याने जोरात मान हलवली. "म्हणजे कसं आहे माहितीये का," म्हणाला, थांबला, उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्या दिवशी पुन्हा त्या खोलीत आला नाही.

मी थेरपिस्ट बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांची परीक्षा घेताय. क्लिप कुणाच्या आहेत?"

"त्याच्या."

"मग ते म्हणतील ते लिहा. चुकीचं असलं तरी. शब्द बाहेर आला, कुणीतरी तो घेतला, हे त्यांना कळू दे."

मग मी तसंच केलं. शेकाट्याच्या चौकटीत "शनिवार" टाइप केलं. त्याने स्क्रीनजवळ वाकून तो शब्द वाचला, बोटाने त्यावर टकटक केलं आणि पुढच्या क्लिपकडे बघितलं. फ्लेमिंगोंना तो "साडी" म्हणाला. मिठाच्या राशींना "भात". बगळ्यांना कधी "डॉक्टर", कधी "बगळो". मालवणी शब्द वाट चुकत नव्हते, ते सरळ यायचे. खाडीतून आत शिरणारा पाण्याचा पट्टा "व्हाळ". एका क्लिपमध्ये आमची मुलगी होती, सात-आठ वर्षांची, मोठ्या माणसाचे गमबूट घालून बांधावर उभी. तिला बघितल्याबरोबर तो म्हणाला, "चेडू." त्याची आई नातीला अशीच हाक मारायची. तिच्यामागे ती हाक मी या घरात ऐकली नव्हती.

डाव्या हाताने माउस चालवायला तो शिकला. एकदा त्याने कीवर्डच्या यादीत स्वतःच "शनिवार"वर क्लिक केलं आणि सगळे शेकाटे एका ओळीत समोर आले. तो मोठ्याने हसला. आजारानंतर पहिल्यांदाच. मी त्याच्याकडे बघून हसले आणि मला तोंड धुवायला उठावं लागलं.

आता आवाजाची गोष्ट. प्रत्येक क्लिपला आवाज होता, पक्ष्यांचा, वाऱ्याचा, आणि कॅमेऱ्यामागे उभं राहून सतत बोलणाऱ्या त्याचा. पहिल्याच दिवशी त्याने डाव्या हाताने स्पीकरचं बटण शून्यावर फिरवलं होतं. मी एकदा ते वाढवायला गेले तर माझा हात बाजूला केला. मी पुन्हा त्या बटणाला हात लावला नाही.

पण दुपारी जेवल्यावर तो झोपायचा. मी त्या खोलीत जायची, हेडफोन लावायची आणि क्लिप्स लावून बसायची. चित्राकडे माझं लक्षच नसायचं. "आला, आला, बाबा, थांब जरा, मान इकडे कर." "काका, भरती किती वाजता हो आज?" "अरे वाट लागली, कार्ड संपलं." एका क्लिपमध्ये तर मीच होते. एका रविवारी त्याने मला बळेच नेलं होतं. मी कंटाळून बांधावर बसले आहे, पाठ कॅमेऱ्याकडे, आणि तो अगदी दबक्या आवाजात म्हणतोय, "अगं ऐक. हलू नकोस. हळूच डावीकडे बघ." पडद्यावरची मी मान वळवते. समोर फूटभरावर खंड्या बसला आहे. मग माझं हसू आणि त्याचं, "बघ, उगाच येत नव्हतीस."

ती क्लिप मी किती वेळा ऐकली असेन. ज्या ज्या क्लिपमध्ये त्याचं बोलणं होतं, त्यांना मी एक कीवर्ड दिला: "आवाज". दुसऱ्या दिवशी चटकन सापडाव्यात म्हणून. खालच्या ओळीत छोट्या अक्षरात तो शब्द असायचा. त्याने तो बघितला की नाही, मला माहीत नाही. त्याने विचारलं नाही, म्हणजे त्याला विचारता आलं नसतंच.

हे असं वर्षभर चाललं. दिवाळीत मुलगी घरी आली. व्हिडिओ कॉलवर ती त्याच्याशी बोलायची, पण कॉलवर तो हसण्यापलीकडे फारसं काही करत नसे, त्यामुळे त्याचं बोलणं कुठवर आलंय याची तिला नीट कल्पना नव्हती. तिचं काम माहितीच्या साठ्यांशीच संबंधित, त्यामुळे क्लिप्सचं आम्ही काय केलंय हे बघायला ती उत्सुक होती.

"आई, हे काय गं? शनिवार? भात? डॉक्टर?"

"त्याचे शब्द आहेत ते."

"हो, पण हे सगळं मिक्स झालंय. शेकाट्या पण आहे, शनिवार पण आहे. एकाच पक्ष्याला तीन नावं. कुणाला काही सापडणार नाही यातून."

मी तेव्हाच तिला बसवून नीट सांगायला हवं होतं. पण गॅसवर चकलीचं तेल तापलं होतं. "नंतर बोलू," म्हणाले आणि राहून गेलं.

भाऊबीज झाल्यावर एका सकाळी मी त्याला हाताच्या व्यायामासाठी फिजिओकडे घेऊन गेले. परत आलो तर मुलगी दारातच उभी, खुशीत. "बाबा, ये, तुला गंमत दाखवते." तिने सगळी यादी साफ केली होती. "शनिवार"चा शेकाट्या, "साडी"चा फ्लेमिंगो, "भात"चं मिठागर. एकेक चुकीचा शब्द तिने योग्य शब्दात मिसळून टाकला होता. तिच्या कामाच्या दृष्टीने ते फार नीट झालं होतं.

तो खुर्चीत बसला. माउस हातात घेऊन यादी खाली सरकवली, मग वर, मग पुन्हा खाली. मी त्याच्या मागे उभी होते. तो काय शोधतोय ते मला कळलं.

"खयं?" तो म्हणाला. कुठे.

"काय कुठे, बाबा? हे बघ, शेकाट्यावर क्लिक केलं की सगळे येतात."

"खयं?" त्याने यादीवर बोट आपटलं. पुन्हा आपटलं. मग माउस बाजूला ढकलून उठला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "मी त्याच्यासाठीच केलं ना."

"माहितीये मला."

"चुकीचे शब्द होते आई. तो उद्या बरा झाला तर त्यालाच..."

"तो बरा झाला तर बघू," मी म्हटलं. "आज त्याला शेकाट्या हा शब्द सापडत नाही. ऐकला तर कळतो, वाचला तर कळतो, पण हवा तेव्हा हाताला लागत नाही. शनिवार लागतो. तेवढाच होता त्याच्यापाशी, तो तू काढून घेतलास."

हे मी जरा जास्तच कडक बोलले. ती तिच्या जुन्या पलंगावर बसली आणि रडली. मी शेजारी बसले. ती लहान असताना सगळ्या शंका बापाला विचारायची, मला नाही, कारण तो उत्तर लांबवून रंगवून द्यायचा. तिचंही काहीतरी गेलंच होतं. ते आम्ही दोघींनी एकमेकींना कधी म्हटलं नव्हतं.

सॉफ्टवेअरने स्वतःची एक जुनी प्रत राखून ठेवली होती, ती तिने शोधून काढली. पण ती बऱ्याच आधीची निघाली. थोडे शब्द परत आले, बाकीचे पुन्हा द्यावे लागणार होते. तिने ऑफिसात फोन करून रजा वाढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ती त्याच्यापाशी गेली. "बाबा, चल. मी टाइप करते, तू सांग. मी काही बोलणार नाही."

तो लगेच उठला नाही. चहा सावकाश संपवला. मग आला.

त्या दिवसांत मी स्वयंपाकघरातून त्यांना ऐकायची. "साडी." "साडी, बरं. आणि ही?" "भात." "हा कुठला, बाबा?" मग बराच वेळ शांतता, आणि ती शांतता ती मोडायची नाही, हे मला जाणवायचं. हे शिकायला मला कित्येक महिने लागले होते. तिला "चेडू" असा कीवर्ड सापडला तेव्हा तिने मला हाक मारून विचारलं, "आई, चेडू म्हणजे मुलगी ना गं? आजी म्हणायची." मी हो म्हटलं. त्या दिवशी तिने फोनची रिंगटोन बंद ठेवली, मध्येच कुणाचा फोन नको म्हणून.

एका सकाळी मी कणीक मळत होते आणि आतून त्याचा आवाज आला. पूर्ण, मोकळा, भरभर. "अगं ऐक. हलू नकोस. हळूच डावीकडे बघ." कणकेचे हात तसेच घेऊन मी धावले. मुलीला यादीत "आवाज" हा शब्द दिसला होता, तो त्याने सांगितलेला नाही हे तिच्या लक्षात आलं होतं, म्हणून तिने क्लिक केलं आणि काय आहे ते बघायला स्पीकर मोठा केला. आता ती घाबरून बटण शोधत होती.

त्याने तिचा हात धरला. क्लिप पूर्ण होऊ दिली. माझं हसू, त्याचं "उगाच येत नव्हतीस". मग तो माझ्याकडे वळला. माझ्या तोंडावर जे काही होतं त्यावरून त्याला सगळं कळलं असावं, दुपारी मी कुठे असते, काय करते, सगळं.

त्याने स्पीकरकडे बोट केलं. "तो," म्हणाला. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि मान हलवली. नाही.

मी जमिनीवर त्याच्या खुर्चीशी बसले. "मला तो पण हवा असतो रे," म्हटलं. "तू आहेस हे बरंच आहे. पण मला त्याची आठवण येते. तुला येत नाही?"

त्याने डोळे पुसले, आधी स्वतःचे, मग त्याच डाव्या हाताने माझे. "हो," म्हणाला. एवढंच. पण ते "हो" नेहमीचं नव्हतं. त्या दिवसापर्यंत मी समजत होते की हरवलेल्या माणसाची वाट बघणारी या घरात मी एकटीच आहे.

पुढच्या भेटीत हे मी थेरपिस्ट बाईंना सांगितलं. त्या जरा विचार करून म्हणाल्या, ही छोटी वाक्यं त्यांना स्वतःच्या आवाजाबरोबर म्हणायला लावून बघू. कधी कधी सोबतीने वाक्य निघतं. पहिले काही दिवस त्याने साफ नकार दिला. मुलगी बंगळूरला परत गेली. मग एका सकाळी त्याने स्वतःच ती खंड्याची क्लिप शोधली, स्पीकरचं बटण वाढवलं आणि माझ्याकडे बघितलं. क्लिप सुरू झाली आणि दोन आवाज एकदम ऐकू आले, एक तेव्हाचा, एक आत्ताचा, किंचित मागून, जड: "अगं ऐक. हलू नकोस."

क्लिप थांबली की त्याचंही वाक्य थांबायचं. एकट्याने ते अजून येत नाही. बाई म्हणाल्या, येईलच असं नाही, तुम्ही तशी आशा धरून बसू नका. मी धरते. कधी जेवताना भाजी वाढायच्या आधी मी जराशी थांबते, त्याने काहीतरी म्हणावं म्हणून. तो वाटीकडे बोट दाखवतो. मी वाढते.

बदल झालेच नाहीत असं नाही. आता कुणी आलं तर तो बाहेर येऊन बसतो. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले होते, ते मोठ्याने बोलायला लागले तेव्हा त्याने कानाला हात लावून "बरा" असं सांगितलं, म्हणजे कान शाबूत आहेत. ते वरमले आणि मग चांगले तासभर बसले. मिठागरांवर आम्ही अजून गेलेलो नाही, बांधावरून चालायचा त्याला भरवसा नाही. गॅलरीच्या टोकाला उभं राहिलं की नव्या इमारतींच्या फटीतून पाण्याची एक चकाकणारी पट्टी दिसते, ती तो सकाळी बघतो.

मुलीने तिकडे एक नवीन सवय लावून घेतली आहे. दर थोड्या दिवसांनी ती फोनवर काढलेली एखादी छोटी क्लिप पाठवते. तिच्या ऑफिससमोरचं झाड, भाजी बाजार, गच्चीवर वाळत घातलेले कपडे. सोबत एकच ओळ: "बाबा, कीवर्ड?" तो बघतो, वेळ घेतो, आणि मी त्याचा शब्द रेकॉर्ड करून तिला पाठवते. ती तिच्या कॉम्प्युटरवर तो लिहून ठेवते. कित्येकदा तो शब्द तिला कळत नाही, मलाही कळत नाही. आम्ही विचारायचं सोडून दिलंय.

मागच्या आठवड्यात तिने तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची क्लिप पाठवली. बाहेर गजावर तांबट बसला होता, आत ओट्यावर एकच ताट, एकच पेला. मला वाटलं तो पक्ष्याबद्दल काहीतरी म्हणेल. मी फोन त्याच्या तोंडाजवळ धरला. त्याने खुणेने क्लिप दुसऱ्यांदा लावायला सांगितली, मग तिसऱ्यांदा.

"लांब," तो म्हणाला.

"काय लांब? शेपूट?"

त्याने मान हलवली आणि फोन माझ्याकडे सरकवला. मी तो शब्द तसाच पाठवला. तिचं उत्तर यायला त्या दिवशी बराच वेळ लागला. संध्याकाळी मी कुकर लावत असताना फोन वाजला. तिने लिहिलं होतं, "टाकला, बाबा." आणि खाली, जरा वेळाने, "मी पण लांबच." मी त्याला ते वाचून दाखवलं. त्याने फोन हातात घेतला आणि ती दोन वाक्यं स्वतः एकदा वाचली, ओठ हलवत.